नदीला वाट विचारणारी आवडू

ही गोष्ट केव्हाची म्हणून विचाराल, तर नक्की कुणालाच सांगता येणार नाही. सड्यावरच्या डबक्यात वाघ पाणी प्यायला यायचा आणि गुराखी बाजूला होऊन त्याला वाट द्यायचे, तेव्हाची. एवढं धरून चला आणि ऐका.

पुळणवाडी हे सडा आणि समुद्र यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं गाव. मागं तांबड्या जांभ्या दगडाचा सडा, तव्यासारखा सपाट आणि चैत्र-वैशाखात तव्यासारखाच तापणारा. सड्याच्या पायथ्याला घरं, घरांपुढं भाताची खाचरं, खाचरांपुढं कांदळी नदी. नदीपुढं वाळूची लांबच लांब पुळण आणि पुळणीपलीकडं समुद्र. आता तुम्ही म्हणाल, नदी पुळणीच्या अलीकडं आणि समुद्र पलीकडं, मग नदीनं समुद्राला भेटायचं तरी कुठं? हाच तर त्या गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा घोर होता. कांदळी डोंगरातून धावत यायची, समुद्र हाकेच्या अंतरावर आला की तोंड फिरवायची आणि पुळणीच्या आडोशानं बाजूबाजूनं चालत राहायची. ओटीवर पाहुणे दिसले की नवी सून मागीलदारी वळते ना, तशी.

तिथली हवाही तशीच हट्टी. चार महिने पाऊस असा, की मडक्यातलं मीठ बसल्या जागी पाणी व्हावं. उरलेले महिने घामाचे. सकाळी जमिनीवरून वारा यायचा, त्याला गोठ्याचा आणि भाजलेल्या पाल्याचा वास असायचा. दुपारी तो पडायचा आणि समुद्राकडून खारा वारा सुटायचा. उन्हाळाभर समुद्र वाळू आणून टाकायचा आणि नदी ज्या फटीतून बाहेर पडायची ती फट बुजवून टाकायचा. गावकरी म्हणायचे, नदी मिटली. मिटलेल्या नदीत पावसाचं पाणी साठलं की ते मागं फिरायचं आणि खाचरांतून घरांत यायचं. म्हणून पावसाच्या तोंडावर सगळं गाव कुदळ-फावडी घेऊन पुळणीवर जायचं आणि वाळू फोडून नदीला वाट करून द्यायचं.

ही वाट फोडण्याची एक रीत होती. आधी रवळनाथाच्या देवळात कौल लावायचा. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडं आणि डावीकडं ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायचा. अमुक दिवशी फोडू काय, म्हणून विचारायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर दुसरा दिवस बघा. मग त्या दिवशी मानकऱ्यानं पहिला घाव घालायचा. कुठं घालायचा, ते ठरलेलं होतं. पुळणीच्या उत्तर टोकाला राखणदाराची काळी शिळा होती, तिच्या पायथ्याशी. आज्या-पणज्यांनी तिथंच फोडली, म्हणून तिथंच.

अशा गावात आवडू जन्मली. तिच्या आईला वाटलं, पोर इतर पोरींसारखी आधी आई म्हणेल, मग आबा म्हणेल. पण आवडूच्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो ‘खंयसून?’ म्हणजे कुठून? असं म्हणतात. खरंखोटं आईलाच ठाऊक. पण पोर चालायला लागल्यावर गावात कुणाला सुख राहिलं नाही हे मात्र खरं. पाऊस आला की ती पागोळीखाली उभी राहून विचारायची, “ह्या पाणी खंयसून येता?” वारा फिरला की अंगणात जाऊन विचारायची, “हो वारो खंयसून येता?” आई वैतागून म्हणायची, “अगो, तुका भूक लागता की नुसते प्रश्नच लागतत?”

एकदा ती दुपारच्या वाऱ्याचं मूळ शोधायला निघाली आणि कमरेइतक्या समुद्रात गेली, तेव्हा कोळणींनी वेणीला धरून बाहेर काढली. एकदा धुक्याचं घर बघायला म्हणून पहाटेची नदीकाठी जाऊन बसली. धुकं नदीतूनच उठतं आणि ऊन चढलं की नदीतच जातं, हे तिनं घरी येऊन सांगितलं. तिला त्याचा एवढा आनंद झाला होता की ती न्याहारी करायची विसरली. सड्यावर एवढा पाऊस पडतो तो जातो कुठं, म्हणून ती एका पावसाळ्यात दगडाला कान लावून झोपली. तिला आत पाणी चालत असल्याचं ऐकू आलं, आणि ते पाणी पायथ्याच्या झऱ्यात बाहेर पडायचं तेव्हा तिला नावानं ओळखायचं, असं म्हणतात. गावानं तिचं नाव ठेवलं खंयसूनबाय. ती चिडायची नाही. उलट विचारायची, “ह्या नाव खंयसून काढलास?”

पुढं तिचं लग्न झालं. नवरा बुधाजी, मासेमारी करणारा, बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्यानं घर बांधलं ते थेट पुळणीवर, दक्षिणेच्या अंगाला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूत घर. लोक हसले. वाळूत कुणी घर बांधतं का, म्हणाले. बुधाजीनं घराभोवती माड लावले. वाळूत गोडं पाणी नाही म्हणून तो पायथ्याच्या झऱ्यावरून घागरी भरायचा, होडीत घालायचा, नदी ओलांडून आणायचा आणि एकेका रोपाच्या बुडात ओतायचा. समुद्रावरून थकून आला तरी आधी माड, मग जेवण. काही वर्षांत पुळणीवर हिरवंगार आगर उभं राहिलं. हसणारे तिथं शहाळी मागायला येऊ लागले.

आवडूला दुसरं काय हवं होतं? पुढच्या दारी समुद्राला प्रश्न विचारावेत, मागच्या दारी नदीला. मूलबाळ झालं नाही याचं दुःख दोघांनाही होतं, ते दोघंही एकमेकांपासून लपवायची. माडांना मात्र दोघंही नावानं हाक मारायची.

आणि मग कांदळीचं बिनसलं. शिळेपाशी वाट फोडावी, पाणी वाहायला लागावं, लोकांनी घरी जाऊन हातपाय धुवावेत, तोवर समुद्रानं वाळू टाकून वाट पुन्हा बुजवावी. एका वर्षी झालं, लोक म्हणाले, वाईट वर्ष. दुसऱ्या वर्षी झालं, म्हणाले, शिळेला नारळ कमी पडला. तिसऱ्या वर्षी नारळांची रास घातली तरी तेच. खाचरांत पाणी तुंबलं, भाताच्या रोपांचा तरवा कुजला, आणि पुळणवाडीनं ते वर्ष नाचणीच्या पेजेवर काढलं.

सगळं गाव विचार करत होतं की नदी अशी का वागते. आवडूला वेगळाच प्रश्न पडला. नदीला जायचंय तरी कुठून? आणि तिच्या मते ज्याला जायचंय त्यालाच विचारणं सगळ्यात सोपं होतं.

नदीला विचारायचं कसं? ती फोडलेल्या नारळांच्या करवंट्या जमवत गेली. प्रत्येकीत ओल्या मातीचा गोळा ठेवला, म्हणजे वाऱ्यानं उलटणार नाही. सकाळी उताराजवळ, जिथं लोक नदी पायी ओलांडायचे, तिथं तिनं करवंट्या सोडल्या आणि काठाकाठानं त्यांच्याबरोबर चालू लागली. मिटलेली नदी वरून तळ्यासारखी निपचित दिसते. पण करवंट्या हळूहळू सरकत होत्या. शिळेकडं एकही गेली नाही. साऱ्या दक्षिणेला वळल्या, पुळणीला घासत चालल्या आणि एका जागी जाऊन काठाला टेकून थांबल्या.

आवडूनं मान वर केली. समोर तिचंच मागचं दार होतं.

तिला वाटलं, सकाळचा वारा असेल. म्हणून दुपारी वारा उलटा फिरल्यावर तिनं पुन्हा सोडल्या. करवंट्या वाऱ्याच्या तोंडावर चालत आल्या आणि तिच्याच दाराशी उभ्या राहिल्या, असं म्हणतात. तिनं त्या बांबूनं ढकलून मध्यात लोटल्या. त्या परत आल्या. तिनं त्यांना शिव्या दिल्या. तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्याशी जमतात तशा त्या जमल्या आणि हलायचं नाव घेईनात. मग आवडू पाण्यात उतरली, पायानं तळ चाचपू लागली. तिच्या घरामागं नदीनं पुळण आतून कोरून कोरून पातळ केली होती. पलीकडच्या समुद्राचा ठोका तिला तळपायाला लागला. आयुष्यात पहिल्यांदा तिला उत्तर सापडलं आणि आनंद झाला नाही. ती भ्यायली. ती तिथंच पाण्यात बसून राहिली.

बुधाजी समुद्रावरून आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो जाळं झटकत होता, झटकायचा थांबला.

“तुका नदीक इचारूक कोणी सांगल्यान होता?” तो म्हणाला.

आवडूनं मान खाली घातली. बुधाजीनं माडांकडं बघितलं. मग त्यानं घागरी उचलल्या, होडीत घातल्या आणि रोजच्यासारखा झऱ्यावर पाणी आणायला गेला. त्या संध्याकाळी त्यानं माडांना दुप्पट पाणी घातलं. जेवताना तो एवढंच म्हणाला, “कोणाक सांगू नको.” आणि आवडूनं सांगितलं नाही. तिला घर हवं होतं. तुमच्या-आमच्यासारखंच तिलाही घर हवं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

कौल लागला, दिवस ठरला. तुळाजी मानकऱ्यानं शिळेच्या पायथ्याशी पहिला घाव घातला, वाट फुटली, ढोल वाजले. आवडूही सगळ्यांबरोबर वाळू उपसत होती, पण ती कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हती.

त्या वर्षीच्या आषाढात सह्याद्रीवर ढग बसले ते उठायला तयार नव्हते. सडा सगळीकडून गळत होता. कांदळी तांबडीलाल होऊन फुगली, आणि नेमक्या त्याच वेळी अमावास्येच्या उधाणानं शिळेपाशी वाळूचा ढीग आणून टाकला. वाट बुजली. पाणी खाचरांवर चढलं, खाचरांतून अंगणात आलं, अंगणातून ओटीवर. लोकांनी म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन सड्यावर नेलं. गुरांची दावी कापून दिली. तुळाजी आणि गावातले बाप्ये दिवसभर शिळेपाशी कमरेइतक्या पाण्यात खणत होते. ते एक फावडं वाळू काढत आणि समुद्र दोन टाकत होता. तुळाजी हेका सोडणारा माणूस नव्हता, पण भ्याडही नव्हता. त्याच्या तळहाताची सालटी निघाली होती तरी तो मागं हटत नव्हता.

आवडू पुळणीवरून हे बघत होती. तिच्या घराला अजून पाण्याचा थेंब लागला नव्हता, कारण पुळण उंच होती. पलीकडं गावातली भाताची कोठारं तरंगत होती. एक पाळणा वाहत आला, रिकामा होता, पण तो रिकामा आहे हे कळेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं बुधाजीकडं बघितलं. बुधाजीनंही तो पाळणा बघितला होता.

“इचारलंस ता इचारलंस,” तो म्हणाला. “आता उत्तर दारात येवन बसला. तेका परत कसा धाडतलंस? जा, सांग जा.”

त्यानं स्वतःच तिला होडीतून देवळापर्यंत नेलं. देवळात गुडघाभर पाणी होतं. थकलेले बाप्ये खांबांना टेकून उभे होते आणि गुरव पुन्हा कौल लावायच्या तयारीत होता, आज फोडू की उद्या फोडू. आवडू पाण्यातून पुढं गेली.

“तुळाजीकाकानू,” ती म्हणाली, “दिवस देवाक इचारतास, मगे जागा कित्याक नको इचारूक?”

एवढ्या पिढ्यांत हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. तुळाजीनं गुरवाकडं बघितलं, गुरवानं देवाकडं. “लाव,” तुळाजी म्हणाला. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि हात जोडून विचारलं, देवा, जागा दाखव. उजवी पाकळी आणि डावी पाकळी दोन्ही एकदम पडल्या. असं आधी कधी झालं नव्हतं. दोन्ही पाण्यावर पडल्या, एकमेकींना चिकटल्या आणि तरंगत तरंगत देवळाच्या दारातून बाहेर निघाल्या. सगळी माणसं त्यांच्यामागून पाणी तुडवत गेली. पाकळ्या अंगणातून खाचरात, खाचरातून नदीत आणि एवढ्या पुरात न बुडता थेट दक्षिणेला गेल्या, असं म्हणतात.

“थंय तुझा घर आसा गो,” तुळाजी म्हणाला.

“माका ठावक आसा,” आवडू म्हणाली. “दुसऱ्याचा घर आसता तर माझी जीभच उचलली नसती.”

सगळं गाव होड्यांतून पुळणीवर आलं. पण पहिला घाव मानकऱ्याचा आणि मानकरी हात उचलेना. “दुसऱ्याच्या उंबऱ्यार माझ्यान घाव घालूक जावचो नाय,” म्हणाला आणि कुदळ वाळूत टेकवून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाऊस होता म्हणून लोकांनी ते पाऊस समजून घेतलं.

“मगे माझ्या उंबऱ्यार मीच घालतंय,” आवडू म्हणाली. तिनं त्याच्या हातातली कुदळ घेतली. आत जाऊन चूल विझवली, गाय सोडून दिली आणि आपल्याच उंबऱ्यावर पहिला घाव घातला. दुसरा बुधाजीनं घातला. तो माडांच्या बाजूला गेला नाही, त्यांच्याकडं पाठ करून खणत राहिला. मग सगळं गाव तुटून पडलं. फार खणावं लागलं नाही. नदी आतून तयारच होती. एक हातभर चर पडला, त्यातून बोटभर पाणी निघालं, मग हातभर निघालं, आणि लोक मागं धावले तोवर कांदळी गर्जत बाहेर पडली.

घर गेलं ते आवाज न करता गेलं. माड मात्र पडले नाहीत. मुळांसकट वाळूचा चौथरा सुटला आणि ते उभेच्या उभे समुद्रात चालत गेले, त्यांच्या शेंड्यांवर कावळे बसलेले होते. दक्षिणेकडून येणाऱ्या एका गलबतावरच्या खलाशांना वाटलं की बेट आलं, म्हणून त्यांनी शहाळी काढायला होडी सोडली, असं म्हणतात. गावातलं पाणी ओसरलं. चिखल राहिला, पण चिखलात तरवा जिवंत होता. त्या वर्षी पुळणवाडीला भात मिळाला, आणि कांदळीची ती वाट समुद्रानं पुन्हा कधी पूर्ण बुजवली नाही.

काहीजण सांगतात की आवडू त्या पाण्याबरोबरच गेली, देवी झाली. ते खोटं आहे. सांगायला बरं वाटतं म्हणून सांगतात. आवडू तिथंच उभी होती, ओल्या लुगड्यात, बुधाजीच्या शेजारी. दोघांनी मिळून सगळं जाताना बघितलं. तेवढं बघणं देवी होण्यापेक्षा अवघड आहे.

गावानं तिला नवं घर बांधून द्यायचं ठरवलं. प्रत्येक वाडीला वाटे, आपल्याकडं बांधावं. त्यावरून एवढं भांडण जुंपलं की घर बांधलंच गेलं नाही आणि दोघंही आळीपाळीनं प्रत्येकाकडं राहू लागली. ज्या घरात आवडू राहायला यायची तिथल्या माणसांची काही दिवसांत दमछाक व्हायची. तुमच्या लोणच्याला ही चव खंयसून, तुमच्या म्हशीला हा स्वभाव खंयसून. पण जाताना लोक तिला वाडीच्या वेशीपर्यंत पोचवायला यायचे. म्हणून आजही पुळणवाडीतलं प्रत्येक घर सांगतं की आवडू आमच्याकडंच राहायची, आणि कुणीच खोटं बोलत नाही. पावसाच्या तोंडावर ती वाट रुंद करायला कौल लावताना आता दिवसाबरोबर जागाही विचारतात, आणि पोरीबाळी उताराजवळून करवंट्या सोडतात. त्या थांबतात तिथं कुणाचं काहीही असलं तरी तो आधी स्वतःच्या हातानं पहिला घाव घालतो. मानकरी तिथं कुदळ देण्यापुरता असतो.

पुढं आवडू म्हातारी झाली आणि एका श्रावणात साध्या तापानं गेली. सुतक फिटल्यावर बुधाजी इतरांबरोबर होडीतून समुद्रावर गेला. संध्याकाळी होडी परतली, नदीच्या नव्या तोंडाशी आली, जिथं पूर्वी त्याचा उंबरा होता तिथं. लाटा फुटत होत्या. आणि बुधाजी, घर होतं तेव्हा परतताना ‘आलो गं’ म्हणून जसा रोज ओरडायचा तसा, सवयीनं ओरडला, “आवडू, इलंय गो!”

वल्हवणाऱ्यांचे हात थांबले. एक तरुण हसणार होता, त्याला हसू आलं नाही. होडी तिथंच थोडा वेळ डुलत राहिली, उत्तराची वाट बघावी तशी. आणि मोठ्या लाटा जाऊन मध्ये एक शांत पाणी आलं, त्यातून होडी अलगद आत गेली.

तेव्हापासून पुळणवाडीची कुठलीही होडी, मग ती कुणाच्याही मालकीची असो आणि तिला आता यंत्र बसवलेलं असो, त्या तोंडाशी आली की थांबते. होडीचा म्होरक्या, तांडेल, पुढं उभा राहून ओरडतो, “आवडू, इलंव गो!” मग सगळे गप्प बसतात. शांत पाणी आलं तर आत जातात. नाही आलं, तर म्हणतात ती झऱ्यावर गेली असेल, आणि ती येईपर्यंत बाहेर थांबून राहतात.